स्ट्रिंग कॉपी करण्यात प्रोग्रॅमचा किती वेळ जातो, हे कसे मोजावे

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, ऐरोली, रबाळे, महापे इथल्या कार्यालयांत नव्याने रुजू झालेल्या अभियंत्याच्या हाती पहिले काम म्हणून बहुधा कोरी पाटी येत नाही. सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला, अनेकांच्या हातांखालून गेलेला जुना प्रोग्रॅम येतो आणि तो फार हळू चालतो एवढीच तक्रार सोबत येते. असा प्रोग्रॅम उघडला की स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, कॉपी करणाऱ्या, जोडणाऱ्या आणि जुळवणाऱ्या स्ट्रकॉपी, स्ट्रकॅट, एसप्रिंटएफ या फंक्शनांच्या ओळी आधी डोळ्यांत भरतात आणि सगळा वेळ यांतच जात असणार अशी समजूत पक्की होते. ही समजूत कधी अगदी बरोबर ठरते, कधी साफ चुकते. खरे काय ते मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजण्याची रीत अवघड नाही.

ती रीत या लेखात क्रमाने दिली आहे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्याशी जोडलेल्या आहेत: कॉपीवर एकूण वेळेपैकी किती टक्के वेळ जातो हा आकडा हाती आला की काम निम्मेच झालेले असते. कॉपी करणाऱ्या फंक्शनला कोणी बोलावले, किती वेळा आणि कशासाठी, हे कळेपर्यंत त्या टक्क्याचा दुरुस्तीला काही उपयोग होत नाही.

सरावासाठी एक छोटा प्रोग्रॅम स्वतः लिहून घ्यावा. नवी मुंबईतील गृहनिर्माण संस्थांच्या मासिक देयकांचा विषय सोयीचा आहे: फाइलमधून सभासदाचे नाव, सदनिका, सेक्टर, नोड आणि थकबाकी वाचायची, त्यांची पत्त्याची एक ओळ जुळवायची आणि सगळ्या देयकांचा मजकूर एका मोठ्या बफरमध्ये (मेमरीतील राखीव जागेत) एकामागून एक जोडत न्यायचा. पुढील विवेचनात लिनक्स, जीसीसी हा कंपायलर, ग्लिबसी हे सी भाषेच्या तयार फंक्शनांचे ग्रंथालय आणि प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो ते नोंदवणारे पर्फ हे साधन गृहीत धरले आहे. पर्फ २००९ साली लिनक्सच्या २.६.३१ या आवृत्तीबरोबर आले आणि आज जवळपास प्रत्येक वितरणात उपलब्ध आहे.

पहिली पायरी: काय मोजायचे ते आधी ठरवावे

"स्ट्रिंग कॉपी करण्यातला वेळ" म्हणजे नेमके काय, हे न ठरवता मोजायला बसले तर एकाच प्रोग्रॅमचे दोन जण दोन वेगळे आकडे सांगतात आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. स्ट्रकॉपी, स्ट्रएनकॉपी, स्ट्रकॅट, मेमकॉपी, मेममूव्ह ही फंक्शन्स तर हिशेबात धरायचीच. स्ट्रलेन स्वतः काहीच कॉपी करत नाही, पण सी भाषेतील स्ट्रिंगची लांबी कुठेही नोंदवलेली नसल्यामुळे शेवटचा शून्य बाइट सापडेपर्यंत स्ट्रिंग चालत जावी लागते, आणि हे चालणे कॉपी करण्याच्या कामाचाच भाग होऊन बसते. स्ट्रिंगची नवी प्रत करणारे स्ट्रडुप नव्या जागेसाठी मॅलॉकला, म्हणजे मेमरी मिळवून देणाऱ्या फंक्शनला, बोलावते. एसप्रिंटएफ मजकूर जुळवताना आतल्या आत कॉपीच करत असते.

म्हणून मी तीन वेगळे रकाने ठेवण्याचा सल्ला देतो: प्रत्यक्ष बाइट हलवणे, शेवट शोधणे आणि जागा मिळवणे. तिन्हींची बेरीज सांगताना बेरीज म्हणूनच सांगावी. दुरुस्ती तिन्हींची वेगवेगळी असते, त्यामुळे हा भेद पुढे फार उपयोगी पडतो.

मोठ्या प्रमाणावर हा आकडा किती येतो, याची कल्पना देणारी मोजणी प्रसिद्ध आहे. गूगलने आपल्या डेटासेंटरमधील हजारो यंत्रांवर दीर्घ काळ घेतलेल्या नमुन्यांवर आधारित एक शोधनिबंध २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मेमकॉपी आणि मेममूव्ह या दोनच फंक्शनांवर एकूण प्रोसेसर चक्रांपैकी सुमारे ४ ते ५ टक्के खर्च होत असल्याचे दिसले. मेमरी मिळवणे, डेटा आकुंचित करणे, संदेशांची बांधणी अशी खालच्या थरातील सगळी समाईक कामे धरली तर हा वाटा ३० टक्क्यांच्या जवळ जात होता. इतक्या विविध प्रोग्रॅमांच्या सरासरीत ४ ते ५ टक्के हा आकडा लहान नाही. परंतु सरासरीवरून आपल्या प्रोग्रॅमविषयी काहीच निष्कर्ष काढता येत नाही. डोनाल्ड कनूथ यांनी १९७१ साली फोरट्रान प्रोग्रॅमांचा अभ्यास करून दाखवले होते की सर्वसाधारणपणे प्रोग्रॅमच्या ४ टक्क्यांहून कमी भागात निम्म्याहून अधिक वेळ जातो. तो थोडका भाग आपल्या प्रोग्रॅममध्ये स्ट्रिंगांचा आहे की नाही, एवढाच आपला प्रश्न आहे.

दुसरी पायरी: प्रोग्रॅम योग्य रीतीने बांधावा

मोजायचा प्रोग्रॅम ग्राहकाकडे जाणार आहे त्याच ऑप्टिमायझेशनने बांधावा, म्हणजे सहसा ओ-टू पातळीने, आणि त्यात डीबग माहितीसाठी डॅश-जी हा पर्याय जोडावा. डॅश-जीमुळे फाइल मोठी होते, पण निर्माण होणारा मशीन कोड बदलत नाही. ऑप्टिमायझेशन बंद ठेवून घेतलेली मोजणी फसवी असते, कारण तेव्हा आपले स्वतःचे कोड अवाजवी हळू चालते आणि आधीच तयार, वेगवान स्वरूपात असलेल्या ग्लिबसीतील फंक्शनांचा वाटा त्या मानाने फार कमी दिसतो.

इथे एक बारकावा नवोदिताच्या सहसा लक्षात येत नाही. लांबी आधीच माहीत आणि लहान असेल तर जीसीसी बहुधा कॉपी करणाऱ्या फंक्शनला बोलावतच नाही. एखादा ठरलेला छोटा मजकूर स्ट्रकॉपीने बफरमध्ये टाकला असेल, तर कंपायलर त्या जागी थेट मेमरीत लिहिणाऱ्या दोन-तीन सूचना घालतो. एसप्रिंटएफला केवळ एक स्ट्रिंग जशीच्या तशी लिहायला सांगितले असेल आणि परत येणाऱ्या संख्येचा उपयोग केलेला नसेल, तर त्याची स्ट्रकॉपी होऊ शकते. परिणामी स्रोतात, म्हणजे आपण लिहिलेल्या कोडमध्ये, दिसणारी स्ट्रकॉपी पर्फच्या अहवालात सापडत नाही आणि स्रोतात कुठेही नसलेली दुसरीच कॉपी अहवालात दिसते. हे किती घडते आहे ते पाहायचे असेल तर एफ-नो-बिल्टिन हा पर्याय देऊन प्रोग्रॅम वेगळा बांधावा आणि दोन्ही अहवाल शेजारी ठेवावेत. अंतिम आकडा मात्र नेहमीच्या बांधणीचाच द्यावा.

तिसरी पायरी: खराखुरा डेटा वापरावा

मराठी डेटा हाताळणाऱ्यांसाठी ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे, असे मी आग्रहाने म्हणेन. यूटीएफ-८ या मजकूर बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्ह ३ बाइट घेते, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही प्रत्येकी वेगळी चिन्हे मोजली जातात. रोमन लिपीत ठाण्याचे नाव ५ बाइटांत मावते. देवनागरीत ठ, काना, ण आणि मात्रा अशी ४ चिन्हे, म्हणजे १२ बाइट होतात. "नवी मुंबई" मधल्या मोकळ्या जागेसह २५ बाइट घेते. चाचणीच्या फाइलमध्ये रोमन नावे आणि प्रत्यक्ष वापरात देवनागरी, असे झाले तर कॉपी होणाऱ्या बाइटांची संख्या दुपटीहून जास्त वाढते आणि चाचणीत मिळालेला टक्का निरुपयोगी ठरतो.

सी प्लस प्लसमध्ये याचा परिणाम आणखी तीव्र होतो. जीसीसीसोबत येणाऱ्या ग्रंथालयातील स्ट्रिंग वर्ग १५ बाइटांपर्यंतचा मजकूर स्वतःच्या पोटातच साठवतो. त्यापुढे गेले की मॅलॉककडून वेगळी जागा मागावी लागते. ट्रान्सहार्बर मार्गावरील स्थानकांची नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. "ऐरोली" आणि "रबाळे" बरोबर १५ बाइटांत बसतात, म्हणजे त्यांची प्रत करणे स्वस्त असते. पुढचेच "घणसोली" १८ बाइटांचे आणि "कोपरखैरणे" २७ बाइटांचे आहे. या दोन्हींच्या प्रत्येक प्रतीमागे मेमरी मागणे आणि नंतर ती परत करणे आले. रोमन लिपीत मात्र कोपरखैरणेसुद्धा १५ बाइटांच्या आत राहते. म्हणजे तोच प्रोग्रॅम, तितक्याच नोंदी, पण लिपी बदलल्यामुळे तिसऱ्या रकान्यातला खर्च, म्हणजे जागा मिळवण्याचा खर्च, अचानक उभा राहतो.

डेटा पुरेसा मोठाही हवा. प्रोग्रॅम किमान दहा-वीस सेकंद चालेल इतक्या नोंदी तयार कराव्यात, नाहीतर सुरुवातीची जुळवाजुळवच अहवालात मोठी दिसते.

चौथी पायरी: आधी टाइम, मग पर्फ

पर्फ चालवण्याआधी टाइम ही साधी आज्ञा वापरून तीन आकडे पाहावेत: एकूण लागलेला वेळ, प्रोग्रॅमच्या स्वतःच्या कोडमधला वेळ आणि कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, वेळ. एकच धागा (थ्रेड) असलेल्या प्रोग्रॅममध्ये पहिला आकडा उरलेल्या दोघांच्या बेरजेपेक्षा बराच मोठा असेल, तर प्रोग्रॅम बहुतांश काळ डिस्क, नेटवर्क किंवा डेटाबेसची वाट पाहत बसलेला आहे, आणि स्ट्रकॉपी कितीही वेगवान केली तरी वापरणाऱ्याला फरक जाणवणार नाही. इथेच थांबून वरिष्ठांना तसे स्पष्ट सांगावे. कर्नलमधला वेळ मोठा असेल तर वाचन-लेखनाच्या सिस्टिम कॉलकडे वळावे. फाइलमधील बाइट कर्नलच्या मेमरीतून आपल्या बफरमध्ये येतात तीही कॉपीच असते, पण ती ग्लिबसीच्या खात्यावर कधीच दिसत नाही.

प्रोग्रॅमच्या स्वतःच्या कोडमधला वेळ मोठा असेल तर पर्फ रेकॉर्ड चालवावे. हे साधन प्रोग्रॅमला सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा क्षणभर थांबवते आणि त्या क्षणी प्रोसेसर कोणत्या सूचनेवर आहे याची नोंद करते; अशी प्रत्येक नोंद म्हणजे एक नमुना. ज्या फंक्शनात जास्त नोंदी सापडतात, तिथे जास्त वेळ जातो असा अर्थ घ्यायचा. कार्यालयातील यंत्रावर परवानगी नाकारल्याचा संदेश आला, तर पर्फ-इव्हेंट-पॅरानॉइड ही कर्नलची मर्यादा सैल करण्याची विनंती सिस्टिम विभागाला करावी. आभासी यंत्रावर प्रोसेसरचे गणक उपलब्ध नसतील, तर सीपीयू-क्लॉक ही घटना निवडून काम भागते, फक्त बारकावे थोडे कमी मिळतात.

पर्फ रिपोर्ट उघडल्यावर पहिला गोंधळ नावांचा होतो. मेमकॉपी किंवा स्ट्रकॉपी ही नावे शोधली तर ती बहुधा सापडतच नाहीत. ग्लिबसीमध्ये प्रत्येक फंक्शनच्या वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी लिहिलेल्या अनेक आवृत्त्या असतात आणि प्रोग्रॅम सुरू होताना त्यांतली एक निवडली जाते. त्यामुळे अहवालात "मेममूव्ह_एव्हीएक्स_अनअलाइन्ड_ईआरएमएस", "स्ट्रलेन_एव्हीएक्स२", "स्ट्रकॉपी_एव्हीएक्स२" अशा धाटणीची नावे दिसतात. आपण मेमकॉपी लिहिलेली असूनही अहवालात मेममूव्ह दिसते, याचे कारण एवढेच की इंटेल आणि एएमडीच्या ६४ बिट यंत्रांवर ग्लिबसीने दोघांसाठी एकच कोड ठेवलेले आहे. अशी सगळी नावे शोधून, पहिल्या पायरीत ठरवलेल्या तीन रकान्यांत त्यांचे टक्के मांडावेत. कॉल-ग्राफसह, म्हणजे कोणी कोणाला बोलावले या नोंदीसह, अहवाल घेतला असेल तर फंक्शनचा स्वतःचा वेळ आणि त्याने बोलावलेल्यांसह होणारा वेळ असे दोन स्तंभ दिसतात. आपल्या बेरजेसाठी स्वतःचा स्तंभच घ्यावा, नाहीतर तोच वेळ दोनदा मोजला जातो.

नमुन्यांवरून काढलेल्या टक्क्याला चुकीची मर्यादा असते. एखाद्या फंक्शनात ४ नमुने पडले असतील तर अनिश्चितता साधारण ४ च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे २ ची धरावी. अशा आकड्यावर काहीच उभारता येत नाही. ४०० नमुने असतील तर अनिश्चितता सुमारे २० ची, म्हणजे त्या आकड्याच्या ५ टक्के, आणि हे आपल्या कामाला पुरेसे आहे.

जीप्रॉफ या वेळ मोजणाऱ्या जुन्या साधनाविषयी एक इशारा देणे भाग आहे. बर्कली इथे तयार झालेले आणि १९८२ साली शोधनिबंधातून मांडले गेलेले हे साधन जुन्या टिपणांत आजही शिकवले जाते. पण ते ज्या कोडला खास पर्याय देऊन बांधले आहे त्याचाच वेळ मोजते. वेगळ्याने जोडल्या जाणाऱ्या ग्लिबसीतला वेळ त्यात येत नाही. त्यामुळे स्ट्रिंगांवर काहीच वेळ जात नाही असा पूर्णपणे चुकीचा निष्कर्ष जीप्रॉफवरून निघू शकतो. या विषयासाठी ते वापरू नये.

पाचवी पायरी: बोलावणारा कोण, ते शोधावे

समजा तिन्ही रकान्यांची बेरीज ४० टक्के आली. आता खरे काम सुरू होते. कॉल-ग्राफची नोंद घेऊन पर्फ पुन्हा चालवायचे, म्हणजे प्रत्येक नमुन्यासोबत त्या क्षणी कोणाच्या आत कोण चालू होते हेही मिळते.

स्ट्रिंगांच्या फंक्शनांबाबत इथे एक सापळा आहे आणि तो मी सविस्तर सांगतो, कारण त्यामुळे दुरुस्ती भलत्याच ठिकाणी होऊ शकते. कॉल-ग्राफ घेण्याची नेहमीची पद्धत फ्रेम पॉइंटरवर, म्हणजे स्टॅकवर प्रत्येक फंक्शनची जागा (फ्रेम) दाखवणाऱ्या खुणेवर, चालते. ग्लिबसीतील स्ट्रकॉपी, स्ट्रलेन यांसारखी असेंब्लीत लिहिलेली फंक्शन्स स्वतःची फ्रेम उभारत नाहीत. त्यामुळे नमुना त्यांच्या आत पडला की साखळी वाचताना त्यांना थेट बोलावणारे फंक्शन वगळले जाते आणि त्याच्याही वरचे फंक्शन बोलावणारे म्हणून दिसते. आपल्या देयकांच्या प्रोग्रॅममध्ये "पत्ता जोडा" या फंक्शनातून स्ट्रकॅट होत असेल आणि "पत्ता जोडा" ला "देयक बनवा" बोलावत असेल, तर अहवाल "देयक बनवा" मध्येच स्ट्रकॅट आहे असे दाखवतो, आणि वाचणारा त्या फंक्शनात नसलेली ओळ शोधत बसतो. यावर उपाय म्हणजे कॉल-ग्राफसाठी डीबग माहितीवर चालणारी ड्वार्फ ही पद्धत निवडणे. तीत प्रत्येक नमुन्यासोबत स्टॅकचा तुकडा साठवला जातो, त्यामुळे फाइल झपाट्याने फुगते. म्हणून नमुन्यांचा वेग सेकंदाला ९९ इतका कमी ठेवावा आणि प्रोग्रॅम जास्त वेळ चालू द्यावा.

वेळ कळला तरी संख्या कळत नाही, हेही लक्षात असू द्यावे. एकाच फंक्शनला एक कोटी वेळा बोलावून प्रत्येक वेळी २० बाइट हलवले, की वीस वेळा बोलावून प्रत्येक वेळी एक कोटी बाइट हलवले, हे टक्क्यावरून समजत नाही. त्यासाठी व्हॅलग्राइंड या साधनसंचातील कॉलग्राइंड वापरावे. ते प्रोग्रॅमला कित्येक पट हळू करते आणि वेळेऐवजी सूचना मोजते, म्हणून टक्क्यांसाठी त्यावर विसंबू नये; पण कोणी कोणाला किती वेळा बोलावले ही संख्या ते अचूक देते.

हे का करायचे, याचे जाहीर झालेले उत्तम उदाहरण २०२१ सालचे आहे. जीटीए ऑनलाइन या खेळाला सुरू व्हायला काही मिनिटे लागत. एका खेळाडूने प्रोफायलर (पर्फसारखे वेळ मोजणारे साधन) लावून पाहिले, तेव्हा सुमारे १० मेगाबाइटची एक मजकूर-फाइल वाचताना एसस्कॅनएफ हे मजकुरातून मूल्ये वाचणारे फंक्शन वारंवार बोलावले जात होते आणि प्रत्येक वेळी ते उरलेल्या संपूर्ण मजकुरावर स्ट्रलेन चालवत होते, असे आढळले. हे आणि दुहेरी नोंदी तपासण्याची एक हळू पद्धत या दोन्ही गोष्टी बदलल्यावर त्याच्या यंत्रावर सहा मिनिटांचा वेळ दोन मिनिटांच्या आत आला, आणि खेळाच्या निर्मात्यांनी ती दुरुस्ती स्वीकारली. स्ट्रलेन मुळीच हळू नव्हते. त्याला बोलावण्याची पद्धत घातक होती.

सहावी पायरी: किती लाभ होणार याचा हिशेब आधी करावा

कॉपीवर ६ टक्के वेळ जात असेल आणि ती पूर्णपणे नाहीशी केली, तरी १०० सेकंदांचे काम ९४ सेकंदांत होईल. वेग फार तर १.०६ पट. ४० टक्के जात असेल तर हीच मर्यादा सुमारे १.६७ पट होते. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली समांतर संगणनासंदर्भात मांडलेला हा विचार इथेही तंतोतंत लागू पडतो. ६ टक्क्यांसाठी आठवडा घालवायचा की नाही, हे त्या ६ सेकंदांची किंमत कोणाला किती आहे यावरून ठरवावे.

या हिशेबात एक वजावट करावी लागते. मेमरीतून बाइट प्रोसेसरच्या कॅशमध्ये (जवळच्या वेगवान साठ्यात) ६४ बाइटांच्या तुकड्यांनी येतात आणि जो त्यांना प्रथम हात लावतो त्याच्या नावावर वाट पाहण्याचा खर्च पडतो. फाइलमधून आलेल्या मजकुराला सर्वांत आधी स्पर्श करणारी जर मेमकॉपी असेल, तर अहवालात ती खर्चिक दिसते. ती काढून टाकली की तोच खर्च पुढच्या वाचणाऱ्याच्या नावावर जातो. नव्याने मागितलेल्या मोठ्या बफरचेही असेच असते. त्यातील ४ किलोबाइटांच्या प्रत्येक पानाला पहिल्यांदा लिहिताना कर्नलला मध्ये पडावे लागते आणि हा वेळ पहिल्या कॉपीच्या आसपास दिसतो. म्हणून एकदाच होणाऱ्या कॉपीवर दिसणारा टक्का हा सगळा वाचेल असे समजू नये. तोच मजकूर पुन:पुन्हा कॉपी होत असेल तर मात्र दुसऱ्या वेळेपासूनचा सगळा खर्च खरोखर वाचण्याजोगा असतो.

सातवी पायरी: दुरुस्ती

स्ट्रकॅटने मोठा बफर वाढवत नेणे हा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण लहान डेटावर तो दिसतच नाही. वहीच्या शेवटी एक ओळ लिहिण्यासाठी दर वेळी पहिल्या पानापासून पाने उलटत यावे, तसे स्ट्रकॅट प्रत्येक वेळी बफरच्या आरंभापासून शेवट शोधत येते. आपल्या प्रोग्रॅममध्ये १,००,००० ओळी, प्रत्येकी ४० बाइटांच्या, जोडायच्या असतील तर तयार होणारा मजकूर ४० लाख बाइटांचा असतो, पण शेवट शोधण्यासाठी सुमारे २०,००० कोटी बाइट वाचले जातात. सेकंदाला १,००० कोटी बाइट वाचले तरी त्यात २० सेकंद जातात. ओळी दुप्पट झाल्या की हा वेळ चौपट होतो. उपाय साधा आहे: मजकूर जिथे संपला तो पॉइंटर स्वतःजवळ ठेवावा आणि पुढची ओळ तिथूनच लिहावी. २००८ च्या पॉसिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या मानकात आलेले एसटीपीकॉपी हे फंक्शन कॉपी झाल्यावर शेवटचाच पॉइंटर परत देते, त्यामुळे ते या कामासाठी अगदी योग्य आहे. फक्त बफरची क्षमता आपल्यालाच तपासावी लागते.

स्ट्रएनकॉपी सुरक्षित म्हणून सर्रास वापरले जाते, पण ते दिलेल्या मर्यादेपर्यंतची उरलेली सगळी जागा शून्यांनी भरते. २५६ बाइटांच्या रकान्यात "घणसोली" लिहिताना १८ बाइट मजकुराचे आणि २३८ बाइट शून्यांचे लिहिले जातात. १० लाख नोंदींमागे हे २३.८ कोटी निरर्थक बाइट होतात. शिवाय मजकूर मर्यादेइतका किंवा त्याहून लांब असेल तर शेवटचा शून्य बाइट ते घालतच नाही. त्याऐवजी एसएनप्रिंटएफ किंवा २०२३ साली ग्लिबसीच्या २.३८ आवृत्तीत आलेले स्ट्रएलकॉपी वापरता येते. स्ट्रएलकॉपी स्रोत-स्ट्रिंगची पूर्ण लांबी परत देते, आणि त्यासाठी ती शेवटपर्यंत वाचते. स्रोत फार लांब असेल तर हाही खर्च धरावा.

मर्यादित जागेत तुटणाऱ्या देवनागरी मजकुराकडेही लक्ष द्यावे. बाइट मोजून तोडले तर ३ बाइटांचे चिन्ह मधोमध तुटते आणि देयकावर नावाच्या शेवटी चौकोन उमटतो. वेग वाढवताना ही चूक नव्याने आत येऊ शकते.

सी प्लस प्लसमध्ये बहुतेक अनावश्यक प्रती फंक्शनला स्ट्रिंग मूल्याने दिल्यामुळे होतात. फक्त वाचायची असेल तर कॉन्स्ट रेफरन्स किंवा सी प्लस प्लस १७ मधील स्ट्रिंग-व्ह्यू द्यावा. मूळ स्ट्रिंग नाहीशी झाल्यावर व्ह्यू वापरला जाणार नाही याची खात्री मात्र लिहिणाऱ्यानेच करायची. क्रोमियम ब्राउझरच्या विकासकांनी २०१४ साली केलेल्या पाहणीत मुख्य प्रक्रियेतील मेमरी-मागण्यांपैकी जवळपास निम्म्या या स्ट्रिंग वर्गाच्या होत्या आणि पत्त्याच्या पट्टीत एक अक्षर टंकले की सुमारे २५,००० मागण्या होत होत्या. यातल्या कितीतरी प्रती एका थराकडून दुसऱ्या थराकडे जाताना स्ट्रिंगचे सी पॉइंटरमध्ये आणि पुन्हा स्ट्रिंगमध्ये रूपांतर केल्यामुळे झालेल्या होत्या.

स्वतःची स्ट्रकॉपी लिहिण्याच्या वाटेला नवोदिताने जाऊ नये. ग्लिबसीतील एव्हीएक्स२ आवृत्ती एका वेळी ३२ बाइट हाताळते आणि आपण लिहिलेला एकेक बाइट हलवणारा साधा लूप तिच्या जवळपासही पोहोचत नाही.

आठवी पायरी: पुन्हा मोजावे

दुरुस्तीनंतर त्याच डेटावर, त्याच यंत्रावर आणि त्याच पर्यायांनी पुन्हा मोजावे, आणि त्याआधी जुन्या व नव्या प्रोग्रॅमचे निष्पन्न सीएमपी आज्ञेने बाइट-बाइट जुळवून पाहावे. एकदाच चालवून निर्णय घेऊ नये. काही वेळा चालवून मधला आकडा घ्यावा. लॅपटॉपवर मोजणाऱ्याने तो चार्जरला जोडलेला ठेवावा. मे महिन्यातील दुपारी ठाण्यातल्या घरी पंख्याखाली मोजलेला वेळ आणि महाप्यातील वातानुकूलित कार्यालयात मोजलेला वेळ यांची तुलना करू नये, कारण यंत्र तापले की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि तो फरक आपल्या दुरुस्तीपेक्षाही मोठा असू शकतो.

तुलना टक्क्यांत न करता सेकंदांत करावी. समजा आधी प्रोग्रॅमला २० सेकंद लागत होते, त्यांपैकी ८ सेकंद स्ट्रकॅटचे आणि ३ सेकंद थकबाकीवरील व्याज काढण्याचे होते. स्ट्रकॅटचा खर्च जवळपास शून्यावर आणल्यावर एकूण वेळ १२ सेकंद होतो. व्याजाच्या फंक्शनला अजूनही ३ सेकंदच लागतात, पण त्याचा वाटा १५ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेलेला दिसतो. म्हणून नोंदवहीत प्रत्येक फंक्शनपुढे सेकंद लिहावेत, कंसात टक्का द्यावा, आणि सोबत डेटा कोणत्या लिपीतला, किती नोंदींचा आणि बांधणीचे पर्याय कोणते होते तेही लिहून ठेवावे.